पदरी घेणं

मी आठ वर्षांचा असताना संडे स्कूलमध्ये एक वचन न अडखळता म्हणून दाखवलं आणि मला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. बायबलमधलं नीतिसूत्रे ४:२३. "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे." बाईंनी विचारलं, म्हणजे काय करायचं रे? मी म्हटलं, वाईट गोष्टी आत येऊ द्यायच्या नाहीत. बाई म्हणाल्या, शाब्बास. पुढची तीस-बत्तीस वर्षं मी तेवढ्याच अर्थावर जगलो, म्हणजे दारू नाही, शिव्या नाहीत, दर रविवारी उपासना, रात्री जेवणाआधी घरात प्रार्थना, पोरांच्या मोबाईलवर लक्ष, आणि हे सगळं नीट करणारा माणूस म्हणून मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, मला खजिनदार केलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलंही नाही.

त्याच मी मंडळीच्या मदत फंडातले ४२ हजार रुपये खाल्ले.

हे एक वाक्य सरळ लिहायला मला खूप दिवस लागले. आधी मी स्वतःशीसुद्धा 'वापरले' म्हणायचो, मग 'खर्च झाले' म्हणायला लागलो, मग नुसतंच 'ते जे झालं ते'. आपल्या भाषेत ही सोय आहे, होऊन गेलं, राहून गेलं, निघून गेले, करणारा कोण ते सांगावंच लागत नाही. म्हणून आता मुद्दाम लिहितो. मी घेतले, मी खाल्ले.

२०२०च्या मार्चमध्ये, २५ तारखेला देशभर लॉकडाऊन लागला. मंडळीचं दार बंद झालं आणि फंडाची रोकड माझ्या घरी होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या खणात. हा फंड म्हणजे काय तर उपकारस्तुतीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं, घरातलं जे आणतात ना, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी, बायकांनी घातलेलं लोणचं, त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो आणि जे जमतं त्यातून वर्षभर मंडळीतल्या अडल्यानडल्यांना दर महिन्याला थोडं थोडं दिलं जातं. चाळीस रुपयांचा भोपळा कुणीतरी पाचशेला घेतो कारण ते पैसे कुठं जाणार हे त्याला माहीत असतं. असे ते पैसे. एकेका नोटेमागे कुणाची तरी हौस आणि कुणाची तरी गरज.

कंपनीनं पगार निम्मा केला. घराचा हप्ता होता. रिझर्व्ह बँकेनं तेव्हा हप्ते सहा महिने पुढे ढकलायची सवलत दिली होती, ऑगस्टपर्यंत, पण ती घ्यायला मला लाज वाटली, उद्या कुणी म्हणेल याच्यावर हप्ता थकवायची वेळ आली. बँकेसमोर मान खाली घालायची लाज वाटली आणि कपाट उघडायची वाटली नाही, यावरूनच कळतं की माझ्या आतला पहारेकरी कुठल्या दाराशी उभा होता ते. एप्रिलमध्ये पहिले दोन हजार घेतले. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं, तारीख आणि आकडा. पुढच्या महिन्यात टाकतो. मग तीन हजार, ते पण लिहिले. मग एकदा पंधराशे, तेव्हा पेन्सिल सापडेना, म्हटलं नंतर लिहितो.

मला आज विचारलं की नक्की कुठल्या दिवशी घसरलास, तर मी पहिल्या दोन हजारांचा दिवस सांगणार नाही. पेन्सिल शोधायचं सोडून दिलं तो दिवस सांगेन. तोपर्यंत माझ्यात कुणीतरी जागा होता जो निदान नोंद ठेवत होता.

मंडळीत एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही, सगळे मावशीच म्हणतात. एकट्या राहतात, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, आणि गोळ्यांसाठी त्यांना फंडातून महिन्याला १,५०० रुपये जायचे. जुलैमध्ये त्यांचा फोन आला. मी म्हटलं, मावशी, लॉकडाऊन आहे ना, काही जमाच होत नाही बघा. त्या म्हणाल्या, नसू दे रे, तुझ्या घरची बरी आहेत ना सगळी? मी म्हटलं हो. फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी गूगल मीटवर उपासना होती, तिच्यात मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडं होती, आजाऱ्यांसाठी, एकट्यांसाठी, वृद्धांसाठी. मी प्रार्थना केली. डबा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता, कॅमेऱ्यात ते कपाट दिसत होतं.

स्तोत्र ३२ मध्ये दावीद राजा म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्यात ओल सुकावी तसा माझ्यातला रस सुकला. ते किती खरं आहे हे मला त्या दोन वर्षांत कळलं. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. पण शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की अक्षरं नुसती अक्षरं राहायची, गाणं म्हणताना आवाज निघायचा आणि आत कोरडं, आणि बायको नुसतं 'अहो, ऐकता का' म्हणाली तरी पोटात धस्स व्हायचं. चिडचिड तर इतकी वाढली की पोरं माझ्या खोलीत यायची बंद झाली. १६ नोव्हेंबर २०२०ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली, मंडळी भरली, लोक मास्क लावून एकमेकांना सलाम करत होते, डोळ्यांत पाणी होतं लोकांच्या, आणि मी हिशोबाची वही काखेत धरून उभा होतो आणि मला फक्त घाम येत होता. हिशोबात मी लिहिलं होतं, लॉकडाऊनमुळे जमा नाही. चोरी एक होती ती दोन झाली, पैशाची आणि खरेपणाची.

दाविदाची गोष्ट मी लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल. २ शमुवेल ११. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत हा यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला ती बाई, बथशेबा, अंघोळ करताना दिसली. (आणि एक सांगून टाकतो, उपदेशात कधीकधी बथशेबेवर ठपका ठेवतात, ती का तिथं अंघोळ करत होती वगैरे, हे मला अजिबात पटत नाही. नाथान संदेष्टा येऊन जी गोष्ट सांगतो तिच्यात श्रीमंतानं हिसकावून घेतलेली गरिबाची एकुलती एक कोकरी निरपराध आहे, दोष फक्त श्रीमंताचा आहे. शास्त्रानं तिला दोष दिलेला नाही तर आपण का द्यावा?) मला लहानपणी वाटायचं की दाविदाची चूक म्हणजे त्यानं तिकडं बघितलं. आता वाचताना दिसतं की बघितल्यावर त्यानं माणूस पाठवून चौकशी केली, उत्तर आलं की ती त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे, नाव कळलं, नवरा कोण ते कळलं, आणि त्यानंतर त्यानं तिला आणायला माणसं पाठवली. म्हणजे मध्ये एक दार होतं. उरीया हे नाव म्हणजेच ते दार होतं. माझ्यासमोर मावशींच्या फोनचं होतं.

आणि मग झाकपाक. ती गरोदर राहिली म्हणून उरीयाला लढाईवरून बोलावलं, घरी जा म्हटलं, दारू पाजली, तो गेला नाही, शेवटी त्याच्याच हातात त्याच्या मरणाचं पत्र देऊन पाठवलं. एक पाप झाकायला किती माणसं लागतात. मी हे वाचतो तेव्हा मला राजा दिसत नाही, वहीच्या मागच्या पानावरच्या पेन्सिलीच्या दोन नोंदी खोडरबरानं पुसणारा एक माणूस दिसतो.

मला कुणी पकडलं नाही. हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की सापडला म्हणून कबूल केलं असेल. ऑडिट झालं नाही, कुणी शंका घेतली नाही. मी गावी गेलो होतो, २०२२च्या मे महिन्यात.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, आमच्याकडची माणसं त्यानंतर कैक वर्षांनी ख्रिस्ती विश्वासात आली, आणि ती सगळी गावकुसाबाहेरची माणसं होती, गावाच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवता येत नव्हता. म्हणून वस्तीची वेगळी विहीर. पणजोबांच्या पिढीनं खणलेली, मिशनची थोडी मदत आणि बाकी स्वतःच्या पाठी. आमच्या घरात त्या विहिरीबद्दल नेहमी जपून बोलतात. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली नाही हे आजी सांगायची तेव्हा असं सांगायची जणू माणसाबद्दल सांगतेय.

तर या विहिरीचं पाणी चार-पाच वर्षं झाली कमी कमी होत चाललं होतं आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, गाळ काढायला घेतला होता. वर यारी लावली होती, खाली चार माणसं. मी पण उतरलो. विहिरीत उतरल्यावर पहिल्यांदा वास लागतो, शेणासारखा नाही, कुजलेल्या पाल्याचा आणि लोखंडाचा मिळून जो असतो तो. मांडीपर्यंत काळा चिखल. फावड्यानं ओढायचा, बकेटीत भरायचा, दोर हलवला की वर जाते, आणि वर जाताना त्यातलं पाणी आपल्याच डोक्यावर गळतं. त्या गाळातून काय काय निघालं, पितळेचा एक लोटा, रहाटाची मोडकी कप्पी, लहान मुलाची एक चप्पल, गुटख्याच्या पुड्या तर किती. कुणी कधी मुद्दाम विहीर बुजवायला आलं नव्हतं. पाला वाऱ्यानं पडला, पुड्या पोरांनी टाकल्या, माती पावसानं आली. दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेच्या अंगाला कपारीतून एकानं पहारीनं दगड सरकवला आणि तिथून बोटाएवढी धार आली, गढूळ, मग थोड्या वेळानं स्वच्छ. इतकी गार की हात लावला तर बोटं दुखली. वरून तात्या ओरडले, "आलं का?" खालचा म्हातारा गडी म्हणाला, "होतंच की आत. तोंड बुजलं व्हतं."

मी तिथंच चिखलात उभा राहून रडलो. घामात आणि पाण्यात कुणाला कळलं नाही.

त्यात जीवनाचा उगम आहे. मी एवढी वर्षं हे वचन शेताच्या राखणीसारखं वाचत होतो, म्हणजे माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची, पाखरं हाकायची. बाहेरून येणाऱ्यावर नजर. पण वचनात शेत नाहीच, उगम आहे, झरा आहे, आणि झऱ्याची राखण नुसतं कुंपण घालून होत नाही, कुंपणाच्या आतसुद्धा पाला पडतच असतो. झरा राखायचा म्हणजे अधूनमधून स्वतः खाली उतरून तोंड मोकळं करावं लागतं. मूळ हिब्रूत तिथं जो शब्द आहे, लेव्ह, तो नुसत्या भावनांबद्दल नाही, माणूस जिथं विचार करतो, ठरवतो, इच्छा धरतो ते सगळं त्यात येतं. म्हणजे पेन्सिल शोधायची की नाही हे जिथं ठरतं ती जागा. मी त्या जागेकडं बघितलंच नव्हतं, दारू-सिनेमाकडं बघत बसलो होतो.

पुण्याला परत आल्यावर पहिल्यांदा बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मावशींचे पण? मी म्हटलं हो. ती उठून गॅलरीत गेली. त्या रात्रीबद्दल मी जास्त लिहिणार नाही, ती तिची पण रात्र आहे.

दोन दिवसांनी पाळकसाहेबांकडं, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांकडं, गेलो. माझा कंपनीतला एक मित्र वसईचा आहे, कॅथलिक, त्यांच्याकडं कन्फेशन असतं, फादरांसमोर जाऊन तोंडानं बोलावं लागतं. आम्ही लहानपणापासून जरा ताठ मानेनं म्हणायचो की आमचं तसं नाही, आम्ही थेट देवाला सांगतो. आणि ते खरंच आहे, देवाकडं जायला मध्ये कुणी लागत नाही यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण 'थेट देवाला' या दोन शब्दांआड मी दोन वर्षं लपलो होतो हेही खरं आहे, कारण देवाला सांगताना आवाज काढावा लागत नाही. याकोबाच्या पत्रात सरळ लिहिलंय की निरोगी व्हायचं असेल तर आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा. एकमेकांजवळ. ते मी किती वेळा वाचून पुढं गेलो असेन.

पाळकसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग त्यांनी शास्त्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले १ योहान १:९ मोठ्यानं वाच. "जर आपण आपली पापे पदरी घेतली..." आणि माझा आवाज तिथंच अडकला.

पदरी घेतली. हा शब्द ज्यांनी कुणी आपल्या भाषेतल्या शास्त्रात बसवला त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. नुसतं कबूल करणं काय, ते कोर्टातही करतात, वकील सांगतो तेवढं करतात. पण पदरी घेणं म्हणजे हे माझं आहे, मीच जन्माला घातलंय, दुसऱ्याच्या ओटीत टाकणार नाही. लॉकडाऊनच्या ओटीत नाही, कंपनीच्या नाही, बँकेच्या नाही. आणि मला तेव्हा तिथं बसल्या बसल्या आजीची म्हण आठवली, म्हण म्हणजे तिचं रोजचं प्रार्थनेतलं वाक्य, "देवबापा, लेकराचे अपराध पोटात घाल." आई लेकराचे अपराध पोटात घालते असं आपण म्हणतोच की. म्हणजे मी माझ्या पदरात घ्यायचे आणि त्यानं त्याच्या पोटात घालायचे. पण जे मी पदरात घेतलंच नाही ते त्याला देऊ काय? दोन वर्षं मी रोज क्षमा मागत होतो आणि हात मात्र पाठीमागे होते.

पाळकसाहेब म्हणाले, "क्षमा आत्ताच्या आत्ता आहे, त्यात मागे-पुढे काही नाही. पण आता कमिटीसमोर यायचं, आणि पैसे पाचवा हिस्सा घालून परत करायचे." हे त्यांनी मनानं सांगितलं नव्हतं, गणनेच्या ५व्या अध्यायात तसं लिहिलेलं आहे, अपराध कबूल करायचा, पुरतं भरून द्यायचं आणि वर पाचवा भाग. मी मोटरसायकल विकली आणि ४२ हजारांवर ८,४०० घालून ५०,४०० भरले. कमिटीत एक जण माझ्यावर खूप चिडले, उभे राहून बोलले, तोंडावर बोलले, आणि ते बरोबर होते. खजिनदारपद गेलं. तीन महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, नाही. वर्षाच्या सभेत हिशोब दुरुस्त करून मी स्वतः वाचला.

यात एक गोष्ट मला कळकळीनं म्हणायची आहे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये दोन्ही बाजूंनी चूक होते. काही ठिकाणी माणूस चुकला की 'प्रभूनं मला क्षमा केली' म्हणून दुसऱ्या रविवारी पुन्हा स्टेजवर असतो, हातात माईक, आणि ज्यांचं नुकसान झालं ते मागच्या बाकावर. क्षमा झाली म्हणजे खुर्ची परत मिळाली असा अर्थ शास्त्रात कुठं आहे मला दाखवा. नाथानानं दाविदाला त्याच क्षणी सांगितलं की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय, आणि त्याच श्वासात पुढं काय भोगावं लागणार तेही सांगितलं. आणि मत्तयाचं शुभवर्तमान उघडा, पहिलाच अध्याय, येशूची वंशावळ. तिथं शलमोनाची आई बथशेबा असं लिहिलेलं नाही, उरीयाच्या बायकोपासून दाविदाला शलमोन झाला असं लिहिलंय. हजार वर्षांनीसुद्धा देवानं उरीयाचं नाव पुसू दिलं नाही. दाविदाला क्षमा आहे आणि उरीयाची आठवणही आहे, दोन्ही एकाच पानावर. मला याचा धाक वाटत नाही, धीर वाटतो. जो देव मारलेल्या माणसाचं नाव विसरत नाही त्याच्याच क्षमेवर भरवसा ठेवता येतो.

दाविदानं पुढं आपल्या एका मुलाचं नाव नाथान ठेवलं, १ इतिहास ३:५ मध्ये आहे, आणि तो मुलगा बथशेबेचाच. कुठल्या नाथानावरून ठेवलं ते लिहिलेलं नाही. पण ज्या नावाच्या माणसानं तोंडावर 'तो मनुष्य तूच आहेस' म्हणून सांगितलं, ते नाव घरात दिवसातून वीस वेळा हाक मारायला ठेवणं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि दुसरी बाजू. यहूदा. येशूला धरलं त्या एकाच रात्रीत त्याचे दोन शिष्य पडले, यहूदानं धरून दिलं आणि पेत्रानं नाकारलं. आम्हाला नेहमी शिकवलं की पेत्रानं पश्चात्ताप केला आणि यहूदानं केला नाही. पण मत्तय २७ नीट वाचा, यहूदाला पस्तावा झाला, तो त्याबद्दल मिळालेले तीस रुपये परत घेऊन गेला, आणि तोंडानं म्हणाला की निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलंय. याजकांसमोर म्हणाला. आणि त्यांनी काय उत्तर दिलं? आम्हांला काय त्याचं, तुझं तू बघ. तो तिथून गेला आणि त्यानं गळफास घेतला. तो त्या टेकडीवर वधस्तंभाकडं गेला असता तर काय झालं असतं याचा विचार मी करतो तेव्हा मला झोप येत नाही. पण 'तुझं तू बघ' हे शब्द मात्र मी विसरू शकत नाही, कारण आपल्या मंडळीत कुणी अडखळत काही सांगायला आला तर आपण नजर फिरवून बरेचदा हेच म्हणतो. मला माझ्या पाळकसाहेबांनी ते म्हटलं नाही. म्हणून मी आज हे लिहायला आहे.

पेत्राचं वेगळं झालं ते विस्तवापाशी. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो, १८व्या अध्यायात मुख्य याजकाच्या अंगणात, थंडी होती म्हणून लोक शेकत होते आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून म्हणाला मी त्याच्या शिष्यांपैकी नाही, आणि मग २१व्या अध्यायात, सकाळी, तलावाच्या काठी. तिथं येशूनं स्वतः विस्तव केलेला, त्यावर मासळी आणि भाकर. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे. म्हणजे पेत्र पाण्यातून ओलाचिंब वर आला आणि त्याच्या नाकात आधी तोच धूर गेला असणार. प्रभूनं त्याला त्याच वासापाशी नेलं जिथं तो मोडला होता, पण खायला घातलं आधी. मग तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? का नाकारलंस असं एकदाही नाही विचारलं. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय, वाटणारच, गाळ काढताना शेवटचा थर दगडाला चिकटलेला असतो. आणि प्रत्येक उत्तरामागे काम दिलं, माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ.

मावशींकडं मी कमिटीच्या आधीच गेलो होतो. एकटाच. त्या खाली बसून मेथी निवडत होत्या. सलाम मावशी म्हटलं, समोर बसलो आणि सगळं सांगितलं, फोनवर काय खोटं बोललो तेही. त्या मेथी निवडत राहिल्या. एक जुडी संपली, दुसरी घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी गोळ्या अर्ध्या करून खाल्ल्या रे तेव्हा. अर्धी सकाळी, अर्धी रात्री." आणि थोड्या वेळानं, "ऊठ आता. मला स्वयंपाक करायचाय."

चहा विचारला नाही. आमच्यात दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय हे आमच्या माणसांना सांगायला नको.

नंतर त्यांच्या थकलेल्या महिन्यांचे पैसे कमिटीनं त्यांना पोचवले. पण मंडळीत त्या माझा सलाम घेत नव्हत्या, बायकोचा घ्यायच्या, पोरांना जवळ घ्यायच्या, माझ्याकडं बघायच्या नाहीत. काही जण त्यांना सांगायला गेले, मावशी, माफ करून टाका आता, प्रभूनं साताच्या सत्तर वेळा सांगितलंय. मला कळलं तेव्हा मी त्या लोकांना हात जोडून विनंती केली की पुन्हा असं करू नका. ते वचन ज्याचं नुकसान झालं त्याला प्रभू सांगतो, ज्यानं नुकसान केलं त्यानं किंवा त्याच्या मित्रांनी ते कुणावर उगारायचं नसतं. देवानं मला क्षमा केली त्या दिवशी मावशींना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांचा वेळ त्यांचा होता. मी दर रविवारी सलाम करत राहिलो, उत्तराची वाट न बघता. कधीकधी बघायचो, खोटं कशाला बोलू.

आता मी राखण कशी करतो असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. कुणाचीही रोकड घरी ठेवत नाही. खजिनदारपद पुन्हा विचारलं होतं, नाही म्हटलं, आणि आयुष्यभर नाहीच म्हणणार आहे. तो वसईचा मित्र आणि मी शनिवारी संध्याकाळी फोनवर बोलतो, त्या आठवड्यात काय लपवावंसं वाटलं ते एकमेकांना सांगतो, मोठं काही नसतं बहुतेक वेळा, ऑफिसमधलं खोटं बिल, कुणाबद्दल मनात धरलेलं काहीतरी, कुणाकडं नको तसं बघणं. पाला. पडल्या पडल्या उचलला तर हाताला लागत नाही. आणि स्तोत्र ५१ मधलं 'हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर' हे मी आता रोज म्हणतो, आणि त्यातल्या 'उत्पन्न कर' वर रोज थांबतो, कारण दावीद तिथं दुरुस्त कर म्हणत नाही, नवीन कर म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात एकदा मी बँकेत गेलो होतो, आणि बाहेरच्या बाकावर मावशी बसलेल्या. निराधार योजनेचे तीन महिन्यांचे पैसे एकदम आले होते, ते काढून आणले होते त्यांनी. मी सलाम केला आणि नेहमीसारखा पुढं निघालो. मागून हाक आली.

"इकडं ये रे. चष्मा घरी राह्यला. मोज जरा."

आणि नोटा माझ्यासमोर धरल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. पाचशेच्या नऊ होत्या. मी मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, बोटं ओली झाली होती म्हणून एक नोट दुसरीला चिकटली आणि मी परत पहिल्यापासून मोजल्या. साडेचार हजार आहेत मावशी, म्हटलं, बरोबर आहेत.

त्यांनी त्या घेतल्या, न मोजता घडी केली, पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली आणि कमरेला खोचली.

"चल," त्या म्हणाल्या, "रिक्षा बघ."